सगळं ऊन डावीकडेच

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो. दिवाळीत इलेक्ट्रिक गाडी घेतली. सनरूफ मुद्दाम नको म्हटलं. मी बुटीबोरीला नोकरीला आहे. सकाळी साडेआठला निघते, संध्याकाळी साडेपाचला परत. जाऊन येऊन ५४ किलोमीटर होतात. चार वर्षांची मुलगी सोबत असते, कंपनीचं पाळणाघर आहे. तिची सीट मागे डावीकडे बसवलीये.

थंडीत पूर्ण चार्जवर २९० किलोमीटर जाणारी गाडी मे महिन्यात २४० वर आली. गाड्यांच्या सजावटीच्या दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, काचांना सिरॅमिक फिल्म (ऊन अडवणारा पातळ पापुद्रा) लावा, ९७ टक्के उष्णता अडते, रेंज १५ टक्क्यांनी वाढते. २२ हजार सांगितले. '५० टक्केवाली घ्या, आरटीओला चालते,' असंही म्हणाला. ह्यांचं म्हणणं, सगळेच लावतात, आपणही लावू. दीर म्हणतात पोलीस भर चौकात काढायला लावतील. सासूबाई म्हणतात २२ हजार कशाला, दोन पडदे शिवून देते. इकडे मुलगी जातानाही रडते आणि येतानाही, डोळ्यावर ऊन येतं म्हणून. लावावी की नाही, एकदाचं सांगा.

— नागपूरची एक वाचक

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य शेवटून दुसरं आहे. मुलगी जातानाही रडते आणि येतानाही. ते वाचून मी नकाशा उघडला.

बुटीबोरी तुमच्या घरापासून दक्षिणेला. सकाळी तुम्ही वर्धा रोडने दक्षिणेकडे जाता तेव्हा पूर्व तुमच्या डाव्या हाताला. संध्याकाळी उत्तरेकडे परत येता तेव्हा पश्चिमही डाव्याच हाताला. म्हणजे दोन्ही वेळचं ऊन डाव्या खिडकीतून येतं आणि तिथेच तुम्ही लेकीला बसवलंय. तुम्ही स्वतः उजवीकडे स्टिअरिंगमागे, म्हणून तुम्हाला ते तितकं जाणवत नाही. ती बिचारी जाऊन येऊन भाजून निघते.

तिची सीट उजवीकडे, तुमच्या मागे घ्या. खर्च शून्य. सकाळचा त्रास जवळजवळ संपेल. संध्याकाळी सूर्य खाली आलेला असतो, त्यामुळे तिरपं ऊन पलीकडच्या सीटवरही पोचतं, पण मांडीपर्यंत. डोळ्यात सहसा जाणार नाही. एकच पथ्य पाळायचं. उजवीकडचं दार रहदारीच्या बाजूला उघडतं, म्हणून तिला रस्त्यावर उतरवू नका, आवारात गाडी घेतल्यावरच उतरवा. घरी आणि कंपनीत तुम्ही तसंच करत असणार.

आता फिल्मकडे येतो. तुमच्या पत्रात तीन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. रेंजचा, लेकीचा आणि पोलिसांचा. दुकानदाराने रेंजचा प्रश्न पुढे केला, कारण इलेक्ट्रिक गाडीवाल्याची दुखरी नस तीच. पण त्याच प्रश्नावर फिल्मचा उपयोग सगळ्यात कमी आहे. हिशेब मांडून दाखवतो, वहीत तुम्हीही करून बघा.

तुमच्यासारखी गाडी साधारण किलोमीटरला १४० वॅट-तास खाते. ५४ किलोमीटरला साडेसात युनिट झाले. मेमध्ये एसी सरासरी सव्वा किलोवॅट घेतो असं धरू. सुरुवातीला तापलेली गाडी थंड करताना जास्त, नंतर कमी. दोन्ही वेळचे मिळून तुम्ही पावणेदोन तासांच्या आसपास गाडीत असता, म्हणजे एसीचे दोनेक युनिट. चांगल्या पारदर्शक फिल्मने एसीचा भार २०० वॅटनी हलका झाला असं धरू. हे मी उदार मनाने धरतोय, प्रत्यक्षात त्याहून कमीच निघेल. पावणेदोन तासांचे साडेतीनशे वॅट-तास, म्हणजे एका युनिटचा तिसरा हिस्सा वाचला. घरच्या विजेचा दर युनिटला १० रुपये धरला तरी दिवसाला साडेतीन रुपये. उन्हाळा आणि ऑक्टोबर हीट मिळून कामाचे शंभर-सव्वाशे दिवस घ्या, वर उरलेल्या वर्षाची थोडीफार बचत जोडा. वर्षाला ५००-६०० रुपये होतात. २२ हजार वसूल व्हायला ३५ वर्षांहून जास्त लागतील. तोवर गाडी भंगारात आणि लेक चाळिशीला टेकलेली.

रेंजचंही तसंच. दिवसाच्या साडेनऊ युनिटांतून एका युनिटचा तिसरा हिस्सा वाचला, म्हणजे साडेतीन टक्के. २४० ची रेंज २४८ होईल. १५ टक्क्यांचा आकडा दुकानदाराने कुठून आणला ते त्यालाच ठाऊक. आणि मुळात तुमचं रोजचं जाणं ५४ किलोमीटरचं. २४० असो की २४८, तुम्हाला रोज चार्जही करावं लागत नसेल. गाडीचा आकडा उतरला की जीव खालीवर होतो हे मला मान्य आहे, बँकेतली शिल्लक कमी दिसावी तसं. पण मेमध्ये तो उतरणारच. एसी चालतो, बॅटरी थंड ठेवायलाही वीज जाते, आणि पडद्यावरचा आकडा हा मागच्या काही दिवसांच्या वापरावरून गाडीने बांधलेला अंदाज असतो. गाडीत बिघाड नाही. जुलैत पाऊस पडला की आकडा पुन्हा वर चढेल.

खरं तर गर्दीच्या शहरात हा हिशेब थोडा बदलतो. ताशी १५-२० च्या वेगाने रांगत जाणाऱ्या गाडीत चाकांना लागणारी वीज कमी आणि एसीची तासाला तेवढीच, त्यामुळे एसीचा हिस्सा मोठा होतो. मुंबईत पश्चिम द्रुतगती मार्गावर दीड तास अडकणाऱ्या माणसाला फिल्मने ६-७ टक्के फरक पडू शकेल. तुमचा वर्धा रोड त्या मानाने वाहता आहे.

आता ते ९७ टक्के. दुकानात तुम्हाला दिव्याचा खेळ दाखवला असेल. एका बाजूला हॅलोजनचा दिवा, मध्ये काच, पलीकडे तुमचा हात. साधी काच ठेवली की चटका बसतो, फिल्मची ठेवली की हात गार. बघणारा तिथेच पैसे काढतो. गंमत अशी की तो दिवा बहुतेक सगळी उष्णता इन्फ्रारेड किरणांतून टाकतो आणि फिल्म नेमकी तेच अडवायला बनवलेली. सूर्य काही हॅलोजनचा दिवा नाही. उन्हातली साधारण अर्धी ऊर्जा इन्फ्रारेडमध्ये असते. उरलेली बहुतेक डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडात, आणि थोडी अतिनील किरणांत. दिसणारा उजेड आत घ्यायचाच असेल, आणि कायद्याने तो घ्यावाच लागतो, तर त्याच्यासोबतची उष्णताही आत येणार. शिवाय ९७ चा आकडा कित्येकदा इन्फ्रारेडच्या एका चिंचोळ्या पट्ट्यातच मोजलेला असतो. दुकानदाराला विचारायचं ते 'टीएसईआर किती?' म्हणजे सूर्याच्या एकूण ऊर्जेपैकी किती अडली. पारदर्शक फिल्मचा हा आकडा चाळीस-पन्नासच्या घरात निघतो. चांगला आहे, पण ९७ नाही. आणि 'टीएसईआर' म्हटल्यावर दुकानदाराने नुसतं तुमच्या तोंडाकडे बघितलं, तर त्या दुकानातून निघा.

अजून एक. फिल्म काळी म्हणजे गार, हा समज चुकीचा आहे. स्वस्तातली रंगवलेली काळी फिल्म उजेड अडवते, पण ती उष्णता स्वतः पिऊन तापते आणि त्यातली बरीच आत फेकते. नुसता अंधार विकत घेतल्यासारखं होतं.

आता दीरांच्या मुद्द्यावर येतो. पोलिसांबद्दल ते काहीच चूक बोलत नाहीत.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० असं सांगतो की पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर निकाल दिला आणि त्याच वर्षी ४ मेपासून काचांवर कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म 'किंवा इतर कोणतंही साहित्य' लावायला बंदी आली. नुसता दंड करून सोडू नका, फिल्म तिथल्या तिथे काढून घ्या, असंही त्या निकालात होतं.

ते तिथल्या तिथे काढणं मी अनुभवलंय. तेव्हा माझ्या जुन्या पेट्रोल गाडीला गडद फिल्म होती. एका चौकात बाजूला घेतलं, हवालदाराने ब्लेड हातात दिलं आणि म्हणाला, 'काढा तुम्हीच, आम्ही काढली तर काचेवर ओरखडे येतात.' बारा-साडेबाराचं ऊन. पाऊण तास मी चारी काचा खरवडत होतो आणि मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरची वाफ घालवणाऱ्या, बारीक तारा असतात हे विसरलो. दोन तारा फिल्मबरोबर उखडून आल्या. दंडापेक्षा ती काच महाग पडली. त्यामुळे काहीही लावलंत तरी मागच्या मोठ्या काचेला हात लावू नका, एवढं माझ्या खर्चाने शिका.

त्यानंतर नियमात बदल झाला. १ एप्रिल २०२१ पासून नियम १०० मध्ये काचेसोबत 'सेफ्टी ग्लेझिंग' आलं, ज्यात आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काचही धरतात, भारतीय मानक २५५३ भाग २ प्रमाणे. याच बदलाच्या आधारे सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटलं की ७० आणि ५० ची मर्यादा पाळणारी, मानकात बसणारी फिल्म गाडीमालकाने लावली तर दंड करता येणार नाही. 'सगळेच लावतात' असं तुमच्या ह्यांनी म्हटलं त्यामागे, थेट नसेल तरी फिरून, हा निकाल असतो. फिल्मवाल्या दुकानांत त्याची कात्रणं चिकटवलेली असतात. फिल्म हा आपल्याकडचाही धंदा आहे बरं का. छत्रपती संभाजीनगरला वाळूज आणि चिकलठाण्यात गरवारेंच्या कारखान्यांत ती बनते आणि परदेशात जाते.

पण तो निकाल केरळचा. नागपूरच्या चौकातल्या हवालदारापुढे २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे आणि उन्हात उभं राहून तो तुमच्याशी मानक २५५३ वर चर्चा करणार नाही. तुमचं कदाचित बरोबर असेल. तरी ते मागे चार वर्षांचं लेकरू घेऊन, कामावर जायच्या घाईत सिद्ध करायचं, हे तुम्हाला परवडणारं आहे का, ते बघा.

आणि दुकानदाराची 'आरटीओला चालणारी ५० टक्केवाली' तर केरळातही चालायची नाही. इथे जवळजवळ सगळ्यांची फसगत होते. मर्यादा फिल्मची नाही, काच आणि फिल्म मिळून जे होतं त्याची आहे. तुमच्या गाडीची बाजूची काच कंपनीतूनच हिरवट येते. तिच्यातून ७५ टक्क्यांच्या आसपास उजेड जातो असं धरा. तिच्यावर ५० ची, म्हणजे निम्मा उजेड जाऊ देणारी फिल्म लावली तर उरतो ७५ चा निम्मा, साडेसदतीस. ५० च्या खूपच खाली. ७० ची लावली तर साडेबावन्न, म्हणजे काठावर पास. आणि पुढच्या काचेला तर वावच नाही. तिथे ७० ची मर्यादा आणि काच स्वतःच ७५-८० ची, मग जवळपास काहीही लावलं तरी नापास. तिथे लावायची गरजही नाही. पुढची काच दोन थरांची असते, मधल्या प्लास्टिकच्या पापुद्र्यातच अतिनील किरण जवळजवळ सगळे अडतात. आणि हो, अंधारात पावसात गाडी चालवायची तुम्हालाच आहे. जुलैच्या संध्याकाळी आरशाकडे बघताना बाजूच्या काचेतला निम्मा उजेड गेलेला चालेल का?

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचा हिशेब पक्का आहे, पण २०१२ च्या आदेशातल्या 'इतर कोणतंही साहित्य' या शब्दांत चालत्या गाडीचे पडदेही अडकतात. त्यांना शिवायचंच असेल तर उभ्या गाडीसाठी शिवायला सांगा. त्याचं कारण सांगतो.

तुमची गाडी बुटीबोरीला सात-आठ तास उन्हात उभी असते. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होतो तो २५ मेच्या सुमारास, आणि नागपूरचा शून्य सावलीचा दिवसही त्याच दिवसांत, २६ मेच्या आसपास येतो. त्या दिवसांत भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. तो बाजूच्या उभ्या काचांतून आत शिरतच नाही म्हटलं तरी चालेल. छत तापवतो आणि पुढच्या तिरक्या मोठ्या काचेतून थेट आत उतरतो. म्हणजे २२ हजारांची फिल्म ज्या काचांवर लावायची, त्यांच्यातून ऐन दुपारी फारसं ऊन येत नाही, आणि ज्या काचेतून येतं तिच्यावर कायद्याने काही लावता येत नाही. चांदीसारखा चकचकीत पडदा मिळतो, पुढच्या काचेला आतून लावायचा, काही शे रुपयांचा. गाडी उभी केली की लावायचा, निघताना काढायचा. फिल्मच्या आधी तो घ्या. (सनरूफ नको म्हटलंत, त्याबद्दल तुमचं मनापासून अभिनंदन. काचेचं छत घेऊन मग त्याला थंड कसं ठेवू असं विचारणाऱ्यांची पत्रं मला दर एप्रिलला येतात.) मुलीच्या सीटवर आणि बेल्टच्या बकलवर ओला करून घट्ट पिळलेला पांढरा पंचा टाकून ठेवा. चार वर्षांच्या मांडीला तापलेलं बकल लागलं की त्या रडण्याला कोणतीच फिल्म पुरी पडत नाही.

मग राहतो एसी. इथे तुमच्या गाडीकडे असं काहीतरी आहे जे माझ्या पेट्रोल गाडीकडे कधीच नव्हतं. इंजिन सुरू न करता एसी चालतो. सकाळी गाडी चार्जरला लागलेली असतानाच मोबाइलच्या ॲपवरून दहा मिनिटं आधी एसी लावा. थंड करायची वीज भिंतीतून येईल, बॅटरीतून नाही. संध्याकाळी कंपनीत चार्जर नसेल तर पाच मिनिटं आधी लावा, बॅटरीतून फार तर पाव युनिट जाईल, म्हणजे दीड-दोन किलोमीटर. २४० मधून तेवढे खर्च करा, लेकीसाठीच आहेत. बसण्याआधी चारी दारं अर्धा मिनिट उघडून कोंडलेली हवा जाऊ द्या. मग एसी आतलीच हवा फिरवणाऱ्या बटणावर ठेवा. बाहेरची ४५ अंशांची हवा ओढून ती सतत थंड करत राहणं, हा भार काचेतून येणाऱ्या उन्हापेक्षा जड पडू शकतो.

तेव्हा माझं उत्तर असं की या उन्हाळ्यात फिल्म लावू नका. आधी सीट हलवा, पडदा आणा, ॲपवरून एसी लावायची सवय करा आणि पंधरा दिवस बघा.

एवढं करूनही लेकीला त्रास होतच असेल, आणि पोलिसांनी अडवलं तर काढावी लागेल या तयारीने लावायचीच असेल, तर चारी काचांना नको. मागच्या दोन दारांच्या काचांना तेवढी लावा. ७० किंवा त्याहून पारदर्शक, सिरॅमिकच. धातूचा थर असलेली फिल्म मोबाइल आणि जीपीएसच्या लहरी अडवू शकते आणि तुमच्या गाडीचं निम्मं डोकं त्याच लहरींवर चालतं. चारऐवजी दोनच काचा म्हटल्यावर २२ हजारांतले निम्मे तरी उतरायला हवेत. लावताना साबणाचं पाणी भरपूर फवारतात, ते दाराच्या आत उतरून खिडकीच्या बटणांपर्यंत जातं, म्हणून दाराला आतून टॉवेल लावून घ्या आणि समोर उभ्या राहा. बिलावर मानकाचा उल्लेख आणि फिल्मचं नाव लिहून घ्या, ती प्रत गाडीत ठेवा. आणि लावायच्या आधी, नुसत्या काचेवर उजेड मोजायचं मीटर लावून दाखवायला सांगा. मग काचेला फिल्मचा तुकडा धरून पुन्हा मोजायला सांगा. दुसरा आकडा ५० च्या वर आला तरच पुढे जा. त्याच्याकडे मीटरच नसेल तर गाडी परत घरी आणा.